माथूरांच्या घरातले कपडे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्वदच्या दशकातील दूरचित्रवाणी मालिकांवर जो लेख आला, त्यात ‘हम पाँच’ची आठवण निघालेली पाहून आनंद झाला. मात्र लेखाचा बराचसा भाग त्या काळातले ढगळ पंजाबी ड्रेस, कमरेच्या वर चढलेल्या जीन्स आणि केसांतले मखमली रबरबँड यांची टिंगल करण्यातच खर्ची पडला आहे, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. त्या वर्षांत मी दादरला घरच्या घरी बायकांचे कपडे शिवून देत असे. त्यामुळे असे कपडे कोण शिवून घेत असे, त्यासाठी कापड कुठून येत असे आणि ते तसेच का शिवले जात असे, हे मी हाताखालून घातलेले आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1995 साली झी टीव्हीवर सुरू झालेल्या या मालिकेत आनंद माथूर नावाच्या नोकरदार गृहस्थाच्या भूमिकेत आपले अशोक सराफ होते. पदरी पाच मुली, घरात दुसरी पत्नी, म्हणजे शोमा आनंद, आणि पहिली पत्नी मात्र स्वर्गवासी होऊनही भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी. ती भूमिका प्रिया तेंडुलकर यांची. ‘रजनी’ म्हणून साऱ्या देशाला ठाऊक झालेली ही अभिनेत्री हार घातलेल्या चौकटीत बसून, हातही न हलवता, केवळ चेहऱ्यावर आणि आवाजावर प्रवेश खाऊन टाकत असे. पाच मुलींपैकी मीनाक्षी स्त्रीमुक्तीवाली, राधिका जाड भिंगांच्या चष्म्याची अभ्यासू, स्वीटी नटवी, काजल ‘भाई’ म्हणवून घेणारी टपोरी आणि सर्वांत धाकटी छोटी. चेंबूरच्या विद्या बालन यांनीही काही काळ राधिका केली होती, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे.

आता या मुलींच्या कपड्यांकडे शिवणाऱ्याच्या नजरेने पाहावे. पाच मुली आणि एक पगार असलेल्या घरात कपाटे भरून कपडे असणे शक्यच नव्हते. ज्याला त्याला आपापली ओळख मोजक्या वस्तूंत उभी करावी लागे. काजलला शर्ट, जीन्स आणि टोपी पुरे. राधिकेला चष्मा पुरे. स्वीटीला मात्र नटायचे आहे, कारण 1994 साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी झाल्या होत्या आणि त्यानंतर मुंबईतल्या प्रत्येक इमारतीत निदान एक तरी मुलगी आरशासमोर चालण्याचा सराव करू लागली होती. दार उघडून कोणी आत आले की तोंडातून शब्द निघण्याआधी ती पाचांपैकी कोण हे कळत असे. विनोदी मालिकेत वेळ थोडा आणि पात्रे फार असतात, तिथे कपड्यांनी केवढे काम उचलले होते, हे लेखकाच्या लक्षात आलेले दिसत नाही.

ढगळपणाबद्दल बोलायचे तर त्याची कारणे अगदी साधी होती. 1991 मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप उघडले होते हे खरे. पण आमच्याकडे येणाऱ्या घरांचा तयार कपड्यांशी संबंध यायचा तो फॅशन स्ट्रीट किंवा वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर, आणि तिथला बराचसा माल एक्स्पोर्टमधून उरलेला किंवा बाद ठरलेला, म्हणजे परदेशी अंगलटीच्या मापाचा. खांदे उतरलेले, बाह्या लांब, कंबर सैल. तो शर्ट घेऊन मुली माझ्याकडे येत आणि बाह्या आखूड करून मागत. खांद्याला सहसा हात लावू देत नसत, कारण उतरलेला खांदा हीच तेव्हाची ऐट होती. बाकीचे कपडे शिवून घ्यायचे. हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटात जाऊन कापड घ्यायचे, मॅचिंग सेंटरमध्ये तुकडा हातात धरून त्याच रंगाचे अस्तर आणि सलवारीचे कापड शोधायचे आणि मग ते शिंप्याकडे टाकायचे. कमीज ढगळ शिवण्यामागे आईची सूचना असे: आत माया (शिवणीच्या आतले जादा कापड) भरपूर ठेवा, मुलगी वाढीला लागली आहे. दोन-तीन वर्षांनी तीच शिवण उसवून कमीज धाकटीच्या किंवा मोठीच्या, जिच्या अंगाला येईल तिच्या मापाचा करायचा. बहिणी एकीपेक्षा अधिक असल्या की हा हिशेब अटळ होता, आणि माथूरांच्या घरी तर पाच होत्या.

त्या काळातले सगळेच छान होते असे माझे म्हणणे नाही. कापड बहुतेक पॉलिएस्टर मिसळलेले असे आणि मुंबईच्या दमट हवेत ते अंगाला चिकटे. खांद्यात घालायच्या फोमच्या तुकड्यांनी तर मला फार छळले. दोन धुण्यांत ते आतल्या आत सरकत आणि बाईचा एक खांदा वर व एक खाली दिसू लागे, मग तक्रार माझ्याकडे. शेवटी मी ते टाके न घालता चापाच्या बटणावर बसवायला लागले, म्हणजे धुताना काढून ठेवता येत. पॉलिएस्टर घरोघरी पोचण्यालाही कारण होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्याच नाहीत, आणि यंत्रमागावरचे स्वस्त, न चुरगळणारे, इस्तरी न मागणारे कापड सर्वत्र मिळू लागले. सकाळी सव्वाआठची लोकल गाठणाऱ्या बाईला इस्तरी न मागणारा कपडा म्हणजे काय, हे टिंगल करणाऱ्यांनी एकदा विचारात घ्यावे. ज्या गिरण्यांत सूत कातले जाई त्यांतल्या एकीच्या, म्हणजे लोअर परळच्या फिनिक्सच्या, जागेवर आज मॉल आहे आणि तिथे नव्वदच्या दशकातल्या त्याच ढगळ जीन्स पुन्हा फॅशन म्हणून टांगलेल्या मी माझ्या नातीबरोबर जाऊन पाहिल्या आहेत. किमतीचा उल्लेख करत नाही.

खरा मुद्दा पुढेच आहे. ‘हम पाँच’ ज्या बालाजी टेलिफिल्म्सची, त्याच संस्थेने जुलै 2000 मध्ये स्टार प्लसवर सासू-सुनांची दैनंदिन मालिका आणली आणि पाहता पाहता पडद्यावरचे घर बदलले. बायका झोपताना जरीच्या साड्या नेसू लागल्या, स्वयंपाकघरात गळाभर दागिने आले आणि दुष्ट बाईच्या कपाळावरची टिकली तिच्या कारस्थानांबरोबर वाढू लागली. माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकेही पाठीला दोरी आणि लटकन लावलेले ब्लाऊज मागू लागली, अर्थात फक्त लग्नाकार्यासाठी. घरात नेसायला कोणीही शिवून नेला नाही. त्या साड्यांची आज ‘जुनी फॅशन’ म्हणून कोणी टिंगल करत नाही, कारण त्या कोणत्याच वर्षाच्या नव्हत्या. माथूरांच्या मुलींचे कपडे मात्र पाहताक्षणी 1995-96 चे म्हणून ओळखता येतात. वर्षाचा असा शिक्का ज्यांच्यावर बसला आहे ते कपडे खरोखरच्या बाजारातून, खरोखरच्या घरांना परवडतील असे आले होते. आपल्या लेखकाने ज्याला दोष मानले आहे तोच मला त्यांचा मोठा गुण वाटतो.

त्या मालिकेतले जुने झालेले काही दाखवायचेच असेल तर ते निराळ्या ठिकाणी सापडेल. राधिकेला नीट ऐकू येत नसे आणि तिने एकाचे दुसरे ऐकले की आपण खळखळून हसत असू. शेजारच्या पूजाबाई ‘आंटी मत कहो ना’ म्हणत, आणि वय झालेल्या बाईने नटणे हाच विनोद होता. पाच मुलींचा बाप म्हणजे बिचारा, हे तर सगळ्या मालिकेचेच गृहीतक. परवा नातीबरोबर काही भाग पुन्हा पाहिले, तेव्हा कपड्यांवर ती हसली नाही, उलट काजलची टोपी तिला हवीशी वाटली. राधिकेच्या प्रसंगांना मात्र ती माझ्याकडे पाहत राहिली. आपल्या लेखात कपड्यांवर एवढी शाई खर्च झाली असताना या गोष्टींबद्दल एकही ओळ असू नये, याचे मला नवल वाटले. अशोक सराफ यांचे कोंडीत सापडलेल्या नवऱ्याचे काम आणि प्रिया तेंडुलकर यांचे चौकटीतले टोमणे मात्र आजही तितकेच ताजे आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. सराफ यांना महाराष्ट्रभूषण आणि त्यानंतर 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तेंडुलकर मात्र 2002 मध्येच गेल्या.

जाता जाता एक विनंती, जी आपल्यामार्फत वाहिन्यांपर्यंत पोचावी. टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखवल्यापासून जुन्या मालिकांना नवे प्रेक्षक मिळाले आहेत आणि त्या ठिकठिकाणी पाहायला मिळू लागल्या आहेत. मूळ चित्रीकरण चौकोनी पडद्यासाठी केलेले असते. आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून काही ठिकाणी ते चित्र वरून आणि खालून कापले जाते. वरून अंबाडा जातो, खालून साडीचा काठ, सलवारीची मोहरी आणि चपला जातात. शिवाय पुढचा भाग लवकर सुरू व्हावा म्हणून शेवटची श्रेयनामावली पळवली जाते, आणि ज्यांनी ते कपडे निवडले, शिवले, चित्रीकरणाच्या वेळी टाचण्या लावून बसवले त्यांची नावे वाचण्यापूर्वीच नाहीशी होतात. काळ्या पट्ट्या राहिल्या तर कोणाचेही काही बिघडत नाही. चित्र पूर्ण दाखवावे आणि नावे वाचता येतील एवढा वेळ पडद्यावर ठेवावीत. आपल्या पुरवणीत यापुढे अशा मालिकांची छायाचित्रे छापली जातील तेव्हा वेशभूषाकाराचे नाव उपलब्ध असल्यास तेही खाली द्यावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक
दादर (पश्चिम), मुंबई