समुद्राकडे पाठ केलेली घरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या घर-पुरवणीत किनाऱ्यावरच्या ‘निसर्गाशी एकरूप’ बंगल्यांची चित्रं पाहिली. पश्चिमेला अख्खी काचेची भिंत, पुढे निळा तलाव, त्याच्यापुढे समुद्र. दापोली तालुक्यात मी अडतीस वर्षं बांधकामाचे ठेके घेतले. त्यातले दोन बंगले साधारण असेच बांधले, म्हणून लिहितोय.

पहिला १९९८ सालचा. मालकांना झोपाळ्यावरून लाटा दिसायला हव्या होत्या. मध्ये केवड्याचं बन होतं आणि पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, मर्यादवेल पसरलेली. मीच माणसं लावून दोन दिवसांत सगळं साफ केलं. पुढच्या उन्हाळ्यात ओटीवर वाळू यायला लागली, रोज घमेलंभर. मर्यादवेल वाळू धरून ठेवते, केवडा वारा अडवतो, हे माझ्या आईलाही ठाऊक होतं. मला तेव्हा ठेका दिसत होता.

दुसऱ्या बंगल्याला तलाव. समोर अरबी समुद्र आणि पोहायला तलाव! असो. तो भरायला वाळूत बोअर मारली. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. रहाटाने उपसलं तर पुरतं, पण पंप दिवसभर चालला की खालचं खारं वर चढतं. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, पोफळीचे शेंडे करपले. शेजारी मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

अंजर्ल्यात, केळशीत, मुरूडला जुनी घरं बघा. तोंड रस्त्याकडे, मागे आगर म्हणजे नारळ-पोफळीची बाग, आगरामागे केवडा, मग पुळण. घर समुद्राकडे पाठ करून बसलेलं. भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. त्याला बाहेरून गिलावा नको, दरजा भरल्या की झालं. छप्पर उतरतं, पाखं इतकी खाली की आत शिरताना पाहुण्याचं डोकं हमखास आपटतं, पण नैऋत्येचा पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही. याउलट सपाट स्लॅबमध्ये खारी हवा शिरते, सळई गंजून फुगते आणि सिमेंटचे तुकडे खाली येतात. असे किती स्लॅब मी पुन्हा दुरुस्त केले, त्याची गणती नाही. त्यावर झावळ्यांचं शाकारण घालून फोटो काढला म्हणजे घर कोकणी होत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची कौलंही उडाली, खोटं कशाला बोलू? पण वाचलेली कौलं गोळा करून निम्मं छप्पर आठ दिवसांत शाकारलं. त्या दुसऱ्या बंगल्याच्या काचेच्या भिंतीचे तुकडे मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत वाळूत सापडत होते.

कायद्यानेही विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर पट्ट्यात नवं बांधकाम करू देत नाहीत. पुरवणीतल्या एकाही नकाशावर ती रेषा नव्हती. दिव्यांबद्दलही अवाक्षर नाही. अंजर्ल्याच्या आणि वेळासच्या पुळणीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. बाहेर पडलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तो उजेड समुद्रावरचा असला तर ठीक, बागेतल्या दिव्यांचा असला तर ती कुंपणाशी येऊन वाळतात.

पुढच्या अंकात एखाद्या जुन्या घराचा आराखडा छापा. मापं घ्यायला माणूस पाठवलात, तर मी टेप धरायला येईन.

गेल्या पावसाळ्यात पहिल्या बंगल्याचे नवे मालक केवड्याचे फुटवे मागायला आले. माझ्या वाडीतले बारा दिले, नऊ जगलेत. अजून झोपाळ्यावरून समुद्र दिसतो. चार-पाच वर्षांनी दिसणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

आपला,
एक निवृत्त बांधकाम ठेकेदार,
ता. दापोली, जि. रत्नागिरी