छकुलीच्या जेवणाविषयी आई-बाबांना

नाशिक

तीर्थस्वरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर, आई, तू पुन्हा विचारलेस, "पोरगी वाळलेली दिसते, पोटभर जेवते ना?" मी "हो" म्हणाले, पण तेवढ्या उत्तराने तुझे समाधान झाले नाही, हे तुझ्या आवाजावरून कळत होते. फोनवर हा विषय दर वेळी अर्धवट राहतो, कारण मोबाइल दिसला की छकुलीला तो हातात हवाच असतो. संक्रांतीनंतर तुम्ही दोघे महिनाभर राहायला येणार आहात. त्याआधी तिच्या खाण्याबद्दल आम्ही काय ठरवले आहे आणि का ठरवले आहे, हे तुम्हाला नीट समजावे आणि मनापासून पटावे, म्हणून हे पत्र.

छकुलीला आता विसावा महिना सुरू आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि जीवनसत्त्व 'अ'चा डोस झाला, त्या दिवशी तिचे वजन दहा किलो शंभर ग्रॅम भरले. पहिल्या वाढदिवसाला ते साडेआठच्या थोडे वर होते. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट होते, आणि दुसऱ्या संपूर्ण वर्षात मात्र साधारण दोन ते अडीच किलोच वाढते, हे तू मला माझ्या बाळंतपणात सांगितले होतेस. वाढीचा वेग एवढा उतरला की भूकही त्याच मानाने उतरते. शिवाय चालायला लागलेले मूल गुटगुटीतपणा सोडून उंचीला लागते, त्यामुळे दंड-मांड्यांवरच्या वळ्या जातात आणि चेहरा निमुळता दिसू लागतो. ती वाळली असे तुला वाटते, त्याचे मुख्य कारण हेच असावे.

तरीही तुझी काळजी मी उडवून लावत नाही, आणि कधी लावणारही नाही. ती कुठून आली आहे, हे मला ठाऊक आहे. जव्हार तालुक्यातल्या पाड्यांवर तू अंगणवाडी चालवलीस. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा तू नोकरीत नवी होतीस. पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपत आलेली असायची, आईबाप दुसऱ्याच्या शेतावर लावणीला गेलेले असायचे आणि धाकटे भावंड थोरल्याच्या कडेवर दिवस काढायचे. झोळीच्या काट्याला मूल टांगून तू वजन करायचीस आणि रजिस्टरवर टिंब द्यायचीस, ते मी शाळेतून येऊन शेजारी बसून पाहत असे. एखादे मूल कुपोषणाच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत उतरले की त्या रात्री तुला जेवण जात नसे. ज्या बाईने इतकी वर्षे मुलांचे वजन घटताना पाहिले, तिला नातीने ताटात भात ठेवून उठलेले पाहवणार नाही, यात नवल ते काय?

म्हणूनच तुला तुझ्याच रजिस्टरच्या भाषेत सांगते. छकुलीच्या माता-बाल संरक्षण कार्डावरच्या मुलींच्या गुलाबी तक्त्यात तिची सगळी टिंबे हिरव्या पट्ट्यात आहेत, आणि ती जोडली तर रेघ सतत वर चढते आहे. या वयाच्या मुलीचे मधले वजन साडेदहा किलोच्या आसपास धरतात आणि कमी वजनाचा पिवळा पट्टा साडेआठच्या खाली लागतो. आपली पोर त्याच्या बऱ्याच वर आहे. एका टिंबावर जाऊ नका, रेघ कुठे चालली ते पाहा, असे तू नव्या सेविकांना बजावायचीस. या रेघेत मला आजवर एकदाही घसरण दिसलेली नाही.

आता ती जेवते कशी, ते सांगते. सकाळी तू पाठवलेल्या नागलीच्या पिठाची लापशी किंवा घावन, मग दोघे ऑफिसला निघताना तिला पाळणाघरात सोडतो. दुपारी तिथल्या मावशी मुगाची खिचडी किंवा वरण-भात देतात. संध्याकाळी घरी आल्यावर फळ, आणि रात्री आठच्या आत आमच्याबरोबर जेवण. दूध दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आत ठेवतो. दुधाने पोट भरले की मूल भाकरी-भाजीकडे वळत नाही आणि अंगातले लोह कमी पडते, म्हणून बाटली तर केव्हाच बंद केली.

रात्रीच्या जेवणाला तिचे छोटे ताट आमच्या शेजारी असते. त्यात ज्वारीच्या भाकरीचा मऊ पापुद्रा वरणात भिजवलेला, चमचाभर मेतकूट-तूप-भात आणि आम्ही खातो तीच भाजी, तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढलेली. ती आधी सगळ्यावर हात फिरवते. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भाताचे एकच शीत उचलते, ते डोळ्यांजवळ नेऊन पाहते आणि जिभेच्या टोकावर ठेवते. दुसऱ्या हाताने भाकरीचा तुकडा वरणात दाबते, पिळते, पुन्हा दाबते. हनुवटीवरून वरण ओघळते, कोपराला भात चिकटतो, आणि या सगळ्यात बऱ्यापैकी अन्न पोटातही जाते. कधी ती दोनदा मागून घेते, कधी चार घासांत ताट पुढे सरकवते. ताट सरकवले की आम्ही तोंड पुसून तिला उतरवतो. पुढच्या जेवणापर्यंत मध्ये बिस्किटे नाहीत. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे हे आम्ही ठरवायचे. किती खायचे हे तिने ठरवायचे, एवढाच आमचा नियम आहे. एखाद्या वेळचे जेवण पाहिले तर ते फार थोडे वाटते, पण आठवडाभराचा हिशेब मांडला की ती पुरेसे खाते, हे तुमच्या जावयांनी आणि मी लक्ष ठेवून पाहिले आहे.

म्हणून तुम्हा दोघांना हात जोडून विनंती आहे. वाटी घेऊन तिच्या मागे घरभर फिरू नका. तोंड मिटले असेल तर "हा एक काऊचा, हा एक चिऊचा" म्हणत घास कोंबू नका. गाणे जरूर म्हणा, तिला तुमची गाणी फार आवडतात, पण ती जेवण झाल्यावर मांडीवर घेऊन म्हणा. पोट भरल्याची खूण मूल मान फिरवून, ओठ मिटून देते; ती खूण आपण रोज डावलली, तर काही दिवसांनी तिला स्वतःलाच ती ओळखू येईनाशी होईल, याची मला खरी भीती वाटते.

बाबा, मोबाइलचे तुम्हाला वेगळे सांगते. मागच्या वेळी तुम्ही गाण्यांचा व्हिडिओ लावलात आणि तिने वाटी संपवली, तुम्हाला किती आनंद झाला होता! पण तिचे डोळे पडद्यावर होते आणि तोंड आपोआप उघडत होते. आपण काय खाल्ले हे तिला कळलेच नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवूच नये, असे आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलण्यापुरती सूट आहे, तेव्हा आपला रविवारचा व्हिडिओ कॉल खुशाल चालू राहू दे. जेवताना तिच्याजवळ तुम्ही स्वतः बसा. तुम्ही भाकरी मोडता, कांद्याबरोबर चावता, तेव्हा ती टक लावून पाहते आणि लगेच आपल्या ताटाकडे वळते. चाळीस वर्षे आश्रमशाळेत मुलांच्या पंगतीत बसून जेवलेल्या माणसाला मी यापेक्षा अधिक काय सांगावे?

तुम्ही याल तेव्हा इथे द्राक्षांचा हंगाम सुरू झालेला असेल. अख्खे द्राक्ष तिच्या हातात देऊ नका. ते गुळगुळीत आणि नेमके श्वासनलिकेत अडकेल अशा आकाराचे असते. उभे चिरून चार फोडी कराव्या लागतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे हेही अजून काही वर्षे नकोत, कुटून भाजीत घातलेले चालतात. या एका बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही, मग घरात पाहुणे असोत की सणवार असो.

आई, तू येशील तेव्हा दंडाचा घेर मोजायची ती रंगीत पट्टी घरात कुठे असेल तर अवश्य घेऊन ये. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग, म्हणजे पोषण ठीक, हे तू कित्येक आयांना समजावले आहेस. आता नातीच्या दंडाला तूच ती लाव. वजनकाटाही मी आणून ठेवते. दर सोमवारी तू वजन कर, कार्डावर तुझ्या हाताने टिंब दे, आणि रेघ आडवी झाली किंवा उतरली तर त्याच दिवशी आपण तिला डॉक्टरांकडे नेऊ. त्यात तुझा शब्द अखेरचा.

नागलीचे पीठ पाच किलो आणा, मेतकूट मात्र थोडेच, ते लवकर उतरते. बाबांना पंचाहत्तरी उलटल्याने एसटी मोफत आहे आणि आईला अर्धे तिकीट, त्यामुळे खासगी गाडीचा खर्च करू नका. पण आधार कार्ड जवळ ठेवा. जव्हारहून सकाळची गाडी धरलीत तर मोखाडा-त्र्यंबक मार्गे दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचाल. रविवारी निघा, म्हणजे आम्ही दोघे छकुलीला घेऊन स्टँडवर घ्यायला येऊ. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या बरोबर घ्या आणि निघण्याची तारीख ठरली की लगेच कळवा.

तुमची लेक