बाटली भरण्याआधी झऱ्याच्या वरच्या अंगाला चक्कर मारा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला एका दिवसाच्या सहलींवरचा लेख वाचला. एखाद्या नैसर्गिक झऱ्यावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे, ही सूचना मनापासून पटली. माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात गेली. आजही झरा दिसला की पाण्यात पाय सोडण्याआधी माझ्या खिशातून तापमापक निघतो आणि घरचे हसतात. पण लेखातले दोन सल्ले खटकले. पाणी खडकातून गाळून येते, तेव्हा बाटली सरळ भरून प्यावी, हा एक. आणि डुंबायचे तर थेट उगमापाशी, हा दुसरा.

पाणी किती गाळले जाईल हे खडकावर अवलंबून असते. बारीक वाळूच्या थरातून सावकाश झिरपलेले पाणी बऱ्यापैकी गाळले जाते. चुनखडीत मात्र पाण्यानेच खडक विरघळवून पोकळ्या आणि बोगदे केलेले असतात. तिथे वरच्या खळग्यात पडलेली घाण फारसा अडथळा न होता खाली पोहोचते. भेगाळलेल्या कातळावरही फार विसंबू नये. मोठ्या पावसानंतर झरा गढूळ होत असेल, तर वरचे पाणी नीट न गाळताच येते आहे, हे नक्की. गढूळ होत नसेल तरी निर्धास्त होऊ नये, कारण जंतू नितळ पाण्यातही असतात. प्यायचे पाणी घरून न्यावे किंवा झऱ्याचे उकळून घ्यावे.

झऱ्याचे पाणी म्हणजे मुरलेला पाऊस, हे आज शाळेतली मुलेही सांगतील. पण एवढ्या नद्या-झऱ्यांना पाऊस पुरणारच नाही, असे युरोपातले जाणकार कित्येक शतके मानत होते. फ्रान्समधल्या पिएर पेरोने सेन नदीच्या उगमाकडच्या भागातला पाऊस मोजला आणि तो नदीतून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या सुमारे सहापट भरतो, असे १६७४ मध्ये मांडले. मग झरा पाहायला गेल्यावर तो पाऊस मुरतो ती जागा का पाहू नये? आधी वरच्या अंगाला चक्कर मारावी. शोषखड्डा, गोठा, कचऱ्याचा ढीग, काय आहे ते बघावे. (जमिनीखालचा उतार वरच्या उताराबरहुकूमच असतो असे नाही, पण अंदाज येतो.) सहलीची मंडळी गाड्या लावतात वर आणि आडोसा शोधत जातात तेही वरच. तासाभराने तीच मंडळी खाली येऊन ओंजळीने पाणी पितात!

आता डुंबण्याविषयी. वाळूतून फुटणाऱ्या उगमाशी उकिडवे बसून पाहा. तळाची वाळू उकळल्यासारखी नाचत असते, कण वर उडतात आणि कडेला अलगद बसतात. जवळच्या खड्याखाली बोटाच्या पेराहूनही लहान नळी चिकटलेली दिसली, तर ते एका अळीचे घर. वाळूचे कण रेशमासारख्या धाग्याने जोडून तिने ते बांधलेले असते. वर्षभर जवळपास एकाच तापमानाच्या पाण्याला सरावलेले असे जीव उगमापाशी राहतात. चार जण तिथे उतरले की गाळ ढवळतो, अंगाचे तेल-मलम पाण्यात उतरते आणि ती घरे पायाखाली जातात. डुंबायचे तर खालच्या डोहात, तेही साबणाशिवाय. न्यूझीलंडमधल्या ते वायकोरोपुपू झऱ्यांच्या पाण्याला हात लावायलाही मनाई आहे. १९९३ मध्ये तिथे पाण्यातली दृश्यता ६३ मीटर भरली होती. तरी लोक जातात, काठावरून पाहतात आणि खूश होऊन परततात.

मुलांना करण्यासारखे काम हवे असेल तर धारेखाली लिटरची बाटली धरायला सांगा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. दहा सेकंदांत भरली तर दिवसाला ८,६४० लिटर. हे उन्हाळ्याच्या शेवटी करावे. पावसाळ्यात कुठलाही झरा ऐटीत असतो. तापमानही मोजा. पाणी फार खोलवरून येत नसेल तर आकडा साधारण त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ येतो. म्हणून तर तेच पाणी उन्हाळ्यात गार लागते आणि थंडीत कोमट.

एक विनंती. लेखासोबत उगमात उभे राहून साबणाने हात धुणाऱ्या मुलांचे छायाचित्र होते. सहलींवरचा पुढचा लेख छापाल तेव्हा असे चित्र टाळावे आणि पाणी उकळून पिण्याची सूचना ठळक चौकटीत द्यावी.

आपला,
भूजल क्षेत्रातला एक निवृत्त कर्मचारी