दिल्या, तुझे ४८ व्होल्ट

यलोनाइफ (कॅनडा), जानेवारी

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझा फोन आला तो घेतला नाही आणि नंतर केलाही नाही. रुसला असशील तर रूस. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू. आज लिहायला बसलो कारण हे प्रकरण इथे कुणाला सांगून उपयोग नाही, त्याला टेलिफोन खात्यातलाच माणूस पाहिजे.

माझ्या होमकेअरच्या यादीत एक डेने, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांतली, म्हातारी आहे, ऐंशीच्या पुढची. गाव ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठी, रस्ता नाही, विमानाने जायचं. गावाचं नाव लिहीत नाही. एवढ्याशा गावात नाव सांगणं म्हणजे म्हातारीच दाखवणं. तिच्या एडमंटनच्या मुलीने तिच्या गळ्यात ते बटण अडकवलंय. पडलीस की दाब. बटणाचा सिग्नल घरातल्या पेटीला, पेटीवरून फोन थेट दक्षिणेतल्या कॉल सेंटरला. दरमहा पैसे मुलगीच भरते, कारण १९८४ चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट डॉक्टर आणि हॉस्पिटलचं बघतो, गळ्यातल्या बटणाचं नाही.

डिसेंबरात ती लाकडं आणायला बाहेर गेली नि घसरली. दाबलं बटण. सिग्नल पोचला बरं का! पेटी बोलायलाही लागली, पण घरात. ही बाहेर बर्फात. मला सांगत होती, "ती बाई माझ्या रिकाम्या खुर्चीला विचारत बसली, ठीक आहात ना म्हणून." कुत्री का भुंकतात ते बघायला शेजारचा पोरगा आला, त्याने स्लेजवर घालून हेल्थ सेंटरला नेली. घोट्यावर निभावलं. तिकडे कॉल सेंटरवाली पत्ता शोधतेय. तिने ९११ (इथला आणीबाणीचा नंबर) फिरवलं तर ते तिच्याच शहरात लागणार. आमच्या टेरिटरीत ९११ आलं तेच २०१९ ला, आणि गावात अ‍ॅम्ब्युलन्स नाहीच. तिथे ऑन-कॉल नर्सचा नंबर पाहिजे, तो तिच्या यादीत नव्हता.

आता हस. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट येतात, वीज गेली तरी फोन चालतो, हे तू मिरज स्टेशनवर चहा थंड होईपर्यंत सांगायचास नि मी तुला म्युझियममध्ये ठेवायला निघालो होतो. (त्या चहाचे पैसे मीच दिले होते. तू कबूल करणार नाहीस.) आता पेट्या इंटरनेटवर चालल्यात. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की देव. २०२३ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात फायबरची केबल जळली तेव्हा 'हे रिव्हर' आणि फोर्ट स्मिथ या गावांकडे फोन, नेट सगळंच गेलं, तेही ऐन गावं रिकामी करताना.

मोबाइलवालं बटण घ्यावं तर टॉवर गावापुरता. म्हातारी मासे धरायला केबिनवर गेली की संपलं, आणि उणे चाळिसात बॅटरी कुठली टिकते. आयफोनचं सॅटेलाइट एसओएस ६२ अंश अक्षांशाच्या वर चालेलच असं नाही, असं कंपनी स्वतःच सांगते. यलोनाइफ ६२.४५ वर. थोडक्यात हुकलो बघ! इरिडियम कंपनीचे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, ते इथे सापडतात. पण ती यंत्रं गिर्यारोहकांची. उघडं आकाश पाहिजे, आणि बारीक बटणं संधिवाताच्या बोटांनी दाबायची.

खरी गोची पुढेच आहे. शनिवारी मुलीचा फोन येणार, तिला माझं मत हवंय. बटण कामाचं नाही म्हटलं, की ती आईला उचलून यलोनाइफच्या वृद्धाश्रमात आणणार. कामाचं आहे म्हटलं, की म्हातारी घरी राहणार, तिला तेच हवंय, आणि पुढच्या वेळी कुत्री भुंकतीलच असं नाही. तिने तर ते बटण कधीच काढून कोटाच्या खुंटीला लावलंय. म्हणते, शेजारच्या पोराला दर महिन्याला ते पैसे द्या, तो सकाळी चूल पेटवून जाईल. मला हे पटतंय. पण पोरगा वसंतात शिकारीला जातो तेव्हा काय?

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? पोराचं लग्न ठरलं असं सदाकडून कळलं, तू कळवलं नाहीस, ते ठीकच. व्हीआरएसचे पैसे त्यात सगळे घालू नकोस.

आणि हे सांग, पेटीचा स्पीकर वायर ओढून बाहेर पडवीत लावला तर थंडीत चालेल का? नर्सचा नंबर पहिला घालून घेतो, ते माझ्या हातात आहे. शिव्या घालून लिही, पण शनिवारच्या आत लिही.

तुझा,
नाना

ता. क. कांदा-लसूण मसाला कुणी येणार असेल तर पाठव. मागचा तू पाठवला नव्हतास, सदाने पाठवला.