रोलर स्की : आधी थांबायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत रोलर स्कीविषयी, म्हणजे पुढे-मागे चाके लावलेल्या, पायांत अडकवायच्या अरुंद पट्ट्यांविषयी आलेला लेख आवडीने वाचला. बर्फ नसलेल्या महिन्यांत क्रॉस-कंट्री स्कीपटू (दोन्ही हातांतल्या काठ्यांनी रेटा देत बर्फावरून लांब पल्ला कापणारे) डांबरी रस्त्यावर सराव कसा करतात, याचे वर्णन त्यात चांगले उतरले आहे. मात्र ज्याला स्केटिंग येते त्याला हे एक-दोन दिवसांत सहज जमते, हे त्यातील विधान नवशिक्याला गोत्यात आणणारे आहे, आणि याच समजुतीवर विसंबून मी स्वतः पन्नाशीनंतर या वाटेला गेलो होतो, म्हणून हे पत्र.

इनलाइन स्केटच्या बुटाखाली चाके टाचेपासून चवड्यापर्यंत एका रांगेत पक्की बसवलेली असतात आणि अनेक स्केटना मागे रबरी ब्रेकही असतो. रोलर स्कीत बूट केवळ चवड्यापाशी अडकवलेला असतो, टाच मोकळी उचलली जाते, पुढच्या-मागच्या चाकांत अर्ध्या मीटरहून अधिक अंतर असते आणि ब्रेक बहुधा नसतोच. त्यामुळे स्केटवर घेतो तसे चटकन वळण येथे घेता येत नाही. लहान लहान पावले टाकत दिशा बदलावी लागते, आणि वेग वाढल्यावर नेमकी तीच पावले सुचत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी अशा उतारावर होतो, जो पायी चालताना उतार आहे हे कळलेही नसते. वेगाबरोबर चाकांचा आवाज चढत गेला, मी घाबरून काठी टेकवली, तिचे टोक दोन्ही स्कींच्या मधे पडले, त्यावर उजवी स्की चढली आणि मी कोपरावर आपटलो. हेल्मेट आणि हातमोजे होते. कोपराचे पॅड मात्र ‘आज कुठे लांब जायचे आहे’ म्हणून घरीच राहिले होते.

म्हणून पहिले काही तास काठ्या बाजूला ठेवून, सपाट आणि वाहनांपासून मुक्त जागी, एका पायावर तोल धरत घसरण्याचा सराव व्हावा आणि त्याच जोडीने थांबण्याचा. थांबण्याची मुख्य रीत म्हणजे गुडघे वाकवून, चवडे आत आणि टाचा बाहेर रेटत स्कींचा पाचरीसारखा आकार करणे. पण तिने वेग हळूहळू ओसरतो, झटक्यात थांबता येत नाही. दुसरी रीत कडेच्या गवतात उतरण्याची. तेथे चाके जागीच अडतात आणि शरीर पुढेच जात राहते, तेव्हा उतरताच पळती पावले टाकावी लागतात, हे आधी कोणी सांगितलेले बरे. वेग दुप्पट झाला की अंगातली गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणून उतार निवडताना तो किती तीव्र आहे यापेक्षा त्याच्या शेवटी रस्ता आपोआप सपाट किंवा चढाचा होतो का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

साहित्याबाबत लेखात फारसे काही नव्हते. चाकांच्या रबरात संथ आणि वेगवान असे प्रकार मिळतात. नवशिक्याने संथ चाकेच घ्यावीत, दुकानदार काहीही म्हणो. क्लासिक प्रकारच्या, म्हणजे पाय समांतर ठेवून आळीपाळीने पुढे सरकवायच्या, स्कीत एक चाक मागे फिरत नाही, त्यामुळे पायाने मागे रेटा देता येतो. (बर्फावर हाच रेटा चुकला तर पाय मागे घसरतो, डांबरावर चूक झाकली जाते, एवढा एक तोटा.) काठीला बर्फावरच्या चकतीऐवजी कठीण धातूचे टोक हवे आणि ते बोथट झाले की धार लावायला हवी, नाहीतर ऐन जोर देतानाच ते डांबरावरून सटकते.

आपल्या पुढील लेखात थांबण्याच्या या रीतींची चित्रे दिल्यास, आणि ‘एक-दोन दिवसांत’ हा उल्लेख दुरुस्त केल्यास, माझ्यासारख्या वाचकांचे कोपर वाचेल.

आपला,
एक नियमित वाचक