हिरव्या आकाशाबद्दल

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि मृग नक्षत्राचा स्कॅन, दोन्ही मिळाले. फोटोतलं आकाश हिरवट आलं म्हणून लॅबशी भांडायला जाऊ नकोस. हा हिरवटपणा फिल्मच्या स्वभावातलाच आहे.

रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात. प्रकाश मंद असला आणि शटर फार वेळ उघडं राहिलं की सगळेच थर सुस्तावतात, पण सारखे नाहीत. रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात ते हेच. रंग त्यातूनच घसरतो. तू वापरलेल्या वेल्व्हिया ५० या स्लाइड फिल्मसाठी ३२ सेकंदांना फुजी कंपनी १२.५ मॅजेंटा (हिरव्याला मारणारा गुलाबी-जांभळा) फिल्टर आणि १ स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट एक्स्पोजर सांगते. ६४ सेकंदांना तर नकोच म्हणते. आणि तू तिच्यावर तासभर शटर उघडं ठेवलंस! फुजीचीच प्रोव्हिया १००एफ १२८ सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती मागत नाही.

पुढच्या वेळी मॅजेंटा फिल्टर लावू का, असं विचारलंयस. मी तरी लावणार नाही. कॅमेरा स्थिर होता, लेन्स ५० मिमीची. मृगाच्या पट्ट्याजवळचा तारा अशा वेळी फिल्मवर सेकंदाला साधारण ३.६ मायक्रॉन सरकतो. म्हणजे एका जागी त्याचा प्रकाश काही सेकंदच पडतो, तोही चांगला ठळक. तासभराचं एक्स्पोजर मिळतं ते फक्त मागच्या आकाशाला. म्हणून ताऱ्यांच्या रेघांचे रंग जवळपास शाबूत आहेत आणि आकाश मात्र बिघडलंय. फिल्टरने आकाश सुधारेल, पण तारे गुलाबी होतील.

तेव्हा दुरुस्ती स्कॅनमध्येच कर. १६ बिट, ऑटो कलर बंद. हिरव्या चॅनेलच्या कर्व्हचा वरचा (उजळ छटांचा) भाग दोन-तीन बिंदूंनी जखडून टाक आणि फक्त खालचा (गडद छटांचा) भाग हळूहळू दाब. अधूनमधून मृगातले काक्षी (बीटलज्यूस) आणि राजन्य (रायजेल) हे तारे बघत राहा: काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर पांढरा राहिला पाहिजे. आकाश अगदी करडं करायचा हट्ट नको. वातावरणातला ऑक्सिजन रात्री ५५७.७ नॅनोमीटरला खरोखरच हिरवा चमकतो, त्यातलं थोडं राहू दे. (सगळे काळंकुट्ट आकाश का करतात, मला कळत नाही.)

क्षितिजाजवळचा पिवळा पट्टा सोडियमच्या दिव्यांचा दिसतोय. तो कमी दाबाच्या दिव्यांचा असेल तर त्यात ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश असतो; बाकीचे रंग मुळात नसताना ते समतोल करणार कसे? तेवढा भाग कापून टाक.

पुढच्या रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी काढ, म्हणजे लॅबवाल्याला काळ्या फ्रेम्स कुठे कापायच्या ते कळेल. आणि मूळ स्लाइड मला पाठवच; तुझ्या स्कॅनरने गडद भाग आधीच खाऊन टाकलाय. माउंटमधून काढू नकोस.

तुझा,
विनय