मूठभर माणसांसाठी एवढा पैसा?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तब्येत सुधारतेय हे वाचून जीव भांड्यात पडला. पण शेवटी तू जो प्रश्न टाकलास, तो काही डोक्यातून जाईना. तुवालू या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाची वस्ती जेमतेम ११ हजार. तेवढ्यांना समुद्रापासून वाचवायला कोट्यवधी डॉलर घालायचे, तर माणशी खर्चाचा हिशेब बसतो का, असं तू विचारलंस. आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेस, तुला हा प्रश्न पडणारच. मला मात्र ते मोजमापच चुकीचं वाटतं.

बंधाऱ्याचा खर्च डोक्यांवर ठरत नाही रे, किनाऱ्याच्या लांबीवर ठरतो. प्रवाळ बेट म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. राजधानी फुनाफुटीत काही ठिकाणी रस्त्याच्या एका अंगाला महासागर आणि दुसऱ्या अंगाला लगून, म्हणजे प्रवाळाने वेढलेलं खारं पाणी. माणसं थोडी, किनारे दोन. माणशी खर्चाची अट घातलीस तर अशा बेटाचा प्रस्ताव कधीच मंजूर व्हायचा नाही.

बरं, नुसत्या बंधाऱ्याने भागतही नाही. खालचा प्रवाळ सच्छिद्र. वर्षाच्या सुरुवातीच्या मोठ्या उधाणाला खारं पाणी जमिनीतूनच वर येतं, घरांभोवती आणि रस्त्यांवर तळी साचतात. तिथे पुलाका नावाचं अळूच्या जातीचं कंदपीक घेतात, तेही गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खणलेल्या खड्ड्यांत. त्यात खारं पाणी शिरलं की पीक गेलंच, आणि खड्डा पुन्हा लावण्याजोगा व्हायला फार काळ जातो. भिंत बांधून हे पाणी कसं अडवणार? जमीनच उंच करावी लागते. विकसनशील देशांना हवामान बदलाशी झुंजायला पैसा देणाऱ्या हरित हवामान निधीने २०१६ मध्ये तुवालूसाठी ३ कोटी ६० लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं. त्या प्रकल्पात लगूनमधली वाळू उपसून फुनाफुटीला ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद भराव घातला गेला. हे शतक संपल्यावरही तो पाण्याच्या वर राहावा, अशा बेताने त्याची उंची ठरवली आहे. एका राजधानीच्या एका किनाऱ्याचा हा तुकडा. बाकीची बेटं आहेतच.

मला सर्वांत जास्त चीड येते ती मदत कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या दरडोई उत्पन्नाच्या निकषाची. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाने कॅरिबियनमधलं बार्बुडा झोडपून काढलं, अख्खं बेट रिकामं करावं लागलं. त्याच अँटिग्वा-बार्बुडाचं नाव २०२२ मध्ये विकास-मदतीस पात्र देशांच्या यादीतून निघालं. का, तर उत्पन्न वाढलं! उत्पन्न वाढलं म्हणून वादळ वाट बदलतं का? संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट २०२४ मध्ये बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक, म्हणजे नुसतं उत्पन्न न बघता देश संकटांपुढे किती नाजूक आहे हे मोजणारं माप, स्वीकारला, पण तो वापरायचा की नाही हे पैसे देणाऱ्यांच्या मर्जीवर. आणि हा धोका या लोकांनी ओढवून घेतलेला नाही. जगाच्या धुरात त्यांचा वाटा नगण्य आहे, म्हणून मी या पैशाला उपकार मानायला तयार नाही. अनुदानच हवं. अगदी कर्जच द्यायचं तर कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या देशासारखी सोय तरी हवी. २०२४ च्या बेरिल वादळानंतर त्यांना रोख्यांची देणी पुढे ढकलता आली, कारण तसं कलम करारात आधीच होतं.

‘बांधून झाल्यावर पुढे बघणार कोण?’ हा तुझा दुसरा मुद्दा मात्र मला पुरता पटला. वाळू सरकते, काठावर रचलेल्या वाळूच्या पिशव्या झिजतात, पंप गंजतात. प्रकल्पाचं खातं बंद होतं आणि ओझं एवढ्याशा तिजोरीवर येऊन पडतं. उद्घाटनाला पैसा मिळतो, डागडुजीला मिळत नाही. माझ्या मते पुढच्या ३० वर्षांच्या देखभालीची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळी काढून गुंतवायला हवी, आणि व्याजातून दरवर्षी काम व्हायला हवं. हे व्यवहारात कसं बसवायचं ते तुलाच जास्त कळतं. देणारे मुदत संपली की उरलेला पैसा परत मागतात. मग अशी ठेव कोणाच्या नावावर ठेवायची, आणि तिला हात लावायचा अधिकार कोणाला द्यायचा? नीट विचार करून लिही. मला खरंच हवं आहे.

तुझा,
माधव